गणपती-दिवाळीचे पैसे आत्तापासून बाजूला काढायला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाडवा नुकताच झालाय, ऊन तापायला लागलंय आणि मी पत्र लिहितेय गणपती-दिवाळीच्या खर्चाबद्दल. तुम्हाला वाटेल हे ठेवून द्यावं आणि ऑक्टोबरमध्ये छापावं. कृपा करून तसं करू नका. ऑक्टोबरमध्ये या विषयावर कितीही चांगलं छापलं तरी उपयोग नसतो, कारण ज्याला पैसे कमी पडणार असतात त्याने तोवर कुणाकडून तरी उचललेले असतात. जे करायचं ते आत्ता, एप्रिलचा पगार खात्यात पडायच्या आधी.

मी डोंबिवलीत राहते, गाव कणकवलीकडे. एका कर्मचारी पतपेढीत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलं, आता रिटायर आहे. आमच्याकडे वर्षातनं दोनदा गर्दी व्हायची, एकदा गणपतीच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या आधी. दहा हजार, पंधरा हजार, वीस हजार अशी छोटी कर्जं, जामीनदाराची सही घेऊन माणूस समोर उभा, आणि कारणाच्या रकान्यात कुणी 'घरगुती अडचण' लिहायचं, कुणी 'आजारपण'. बोलायला लागलं की कळायचं की गावाला जायचंय, मखराचं सामान घ्यायचंय, नाहीतर मुलीचं नवीन लग्न झालंय आणि जावयाचा दिवाळसण आहे. एक गोष्ट मला ठासून सांगायचीय की ही माणसं उधळी नव्हती. रोज घरचा डबा आणणारी, दुसऱ्या वर्गाच्या पासावर लटकत येणारी, मुलांच्या क्लासची फी वेळेत भरणारी माणसं. घरभाडं, किराणा, लाईट बिल, गॅस सगळं त्यांच्या महिन्याच्या हिशोबात असायचं, फक्त वर्षातला सगळ्यात मोठा खर्च त्या हिशोबात कुठेच नसायचा. तो कुठल्या महिन्याचा म्हणून धरायचा हेच ठरलेलं नसायचं.

आणि त्यातनं एक साखळी तयार होते ती बघा. कोकणातल्या माणसाचा खरा मोठा सण गणपती, तो येतो भाद्रपदात. बोनस मिळतो दिवाळीला. कायद्याप्रमाणे मालकाने हिशोबाचं वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत बोनस द्यायचा असतो, म्हणजे मार्चला वर्ष संपलं तर नोव्हेंबर अखेरपर्यंत वेळ आहे, आणि बहुतेक ठिकाणी दिवाळीच्या अगदी तोंडावर तो हातात येतो. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांतला एक महिना, पण तोही पूर्ण पगारावर नाही, ठरवून दिलेल्या मर्यादेवर धरतात, त्यामुळे लोक 'एक पगार बोनस' म्हणतात तो बऱ्याचदा एक पगार नसतोच. तर होतं काय, की गणपतीला कर्ज काढलं जातं बोनसच्या भरवशावर, बोनस आला की तो त्या कर्जात जातो, मग दिवाळीला हातात काही नाही म्हणून दिवाळीसाठी परत कर्ज, त्याचे हप्ते फिटेपर्यंत जून येतो, वह्या-पुस्तकं, फी, रेनकोट, आणि ते सावरतंय तोवर परत गणपती. मग माणूस टेबलावर येऊन म्हणतो, मॅडम नवं-जुनं करून द्या. जुन्याची बाकी नव्यात घालायची आणि वरचे थोडे हातात घ्यायचे. मी असे सभासद बघितलेत की ज्यांच्या खात्यावर एकही वर्ष कर्ज नाही असं झालं नाही, आणि मूळ कर्ज कशासाठी घेतलं होतं हे त्यांना आठवतही नव्हतं.

ही साखळी तोडायला यंदाचं वर्ष फार चांगलं आहे, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतायत. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले, यंदा १४ सप्टेंबरला बसतायत. लक्ष्मीपूजन गेल्या वर्षी २१ ऑक्टोबरला झालं, यंदा ८ नोव्हेंबरला आहे. ज्याचा पगार १ तारखेला होतो त्याला गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत बारा नाही, तेरा पगार मिळतात. गणपतीचंही तेच, गणपती ते गणपती तेरा पगार. आणि पुढच्या वर्षी बरोबर उलटं होणारे, २०२७ ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे, म्हणजे या दिवाळीपासून त्या दिवाळीपर्यंत अकराच पगार. यंदाचा तेरावा पगार असाच खर्चून टाकला तर पुढच्या वर्षी ओढाताण होणार हे आजच कॅलेंडर बघून सांगता येतं.

आता पत्र लिहितेय तिथपासून मोजलं तर गणपतीच्या आधी सहा पगार आहेत आणि दिवाळीच्या आधी आठ. समजा एका घराचा गणपतीचा खर्च पंचवीस हजार आणि दिवाळीचा वीस हजार आहे. चौघांचं जाणं-येणं, मूर्ती, मखर, नारळ-फुलं-फळं, भटजींची दक्षिणा, भजनाच्या मंडळींचा चहा-उसळ, सगळं धरून पाच दिवसांत पंचवीस हजार सहज होतात, मी काही फार मोठं घर धरलेलं नाही. पंचवीसला सहाने भागलं तर महिना चार हजार दीडशेच्या वर जातात, वीसला आठने भागलं तर अडीच हजार. म्हणजे दर महिन्याला साडेसहा हजारांच्या वर बाजूला काढायला लागतील. पस्तीस हजार पगाराच्या घरात हे जमेल का? नाही जमणार. पण मग हे आत्ताच कळलं ना, कागदावर, दुकानात उभं राहून नाही. आता हिशोब उलटा करायचा. महिना तीन हजार झेपतायत का, ठीक आहे, मग गणपतीला हातात अठरा हजार असतील, तर गणपती अठरा हजारांत बसवायचा. पुढच्या दोन पगारांतले सहा हजार आणि जो काय बोनस येईल तो, एवढ्यात दिवाळी. खर्च आधी ठरवून मग पैसे शोधायला निघालं की कर्ज ठरलेलं. पैसे किती साठणार ते आधी ठरवून मग खर्च त्यात बसवला तर कुणाकडे जायला लागत नाही. यासाठी अर्थशास्त्र शिकावं लागत नाही, एका रविवारी नवरा-बायको आणि कळत्या वयाची मुलं एकत्र बसली तरी पुरे. मुलांना नक्की बसवा. नववी-दहावीतल्या मुलाला घरात किती येतात आणि कुठे जातात हे समजलं की ते मूल स्वतःहून महागाचे बूट मागायचं थांबवतं, हे मी स्वतःच्या घरी बघितलंय.

पैसे ठेवायचे कुठे, तर घरातल्या डब्यात आणि रोजच्या खात्यात नकोत, दोन्हीकडून ते जातात. बँकेत आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायचं ठेव खातं, उघडा, बहुतेक बँकांत सहा महिन्यांपासून पुढे हव्या त्या मुदतीची मिळते, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापलं जाईल असं लावून द्या. दरमहा हजार रुपये वर्षभर टाकले तर बारा हजारांवर साडेसहा टक्क्यांनी चारेकशे रुपये व्याज मिळतं, ते काही फार नाही, पण व्याजासाठी आपण हे करतच नाही आहोत, व्याज द्यायला लागू नये म्हणून करतोय. पोस्टाची आरडी चांगली असते पण ती पाच वर्षांची, सणासाठी ती नको. बँकेत, अगदी सहकारी बँकेतही, माणशी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे पतपेढीत आयुष्य काढलेली बाई सांगतेय, तेव्हा पतसंस्थेत ठेवताना ताळेबंद, ऑडिटचा वर्ग बघून ठेवा. ऑफिसच्या पतपेढीत 'दिवाळी ठेव' असेल तर ती सगळ्यात सोपी, पगारातनं परस्पर कापतात आणि दिवाळीच्या आधी एकरकमी देतात. आमच्याकडे ती होती आणि ज्यांनी एकदा सुरू केली ते सभासद सणाच्या कर्जाच्या रांगेत मला परत क्वचितच दिसले.

भिशीबद्दल लोक विचारतात. दिवाळीची भिशी, किराण्याची भिशी, आठवड्याला शंभर-दोनशे भरायचे आणि दिवाळीत सामान किंवा रोख घ्यायची. चाळीतल्या दहा-बारा ओळखीच्या बायकांची भिशी असेल, सगळ्यांना सगळ्या माहिती, तर ठीक आहे. पण जिथे चालवणारा एक आणि भरणारे दोनशे, पावती नाही, वहीत टिक मारायची आणि वर 'शेवटी एक हप्ता फ्री' असं सांगतात, तिथे कृपया पैसे टाकू नका, दिवाळीच्या आठ दिवस आधी दुकानाला कुलूप दिसलं तर दाद मागायला हातात कागदसुद्धा नसतो. त्यापेक्षा महिला बचतगट कितीतरी चांगला. गटात व्याज असलं तरी ते गटातच राहतं, आणि गट बँकेशी जोडलेला असेल तर सरकारी योजनेत तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी कर्ज मिळतं, ते सणासाठी न वापरता फराळाचा धंदा करायला वापरलं तर दिवाळी खर्चाची न होता कमाईची होते. आमच्या भागातल्या कितीतरी बायका चकली-शंकरपाळे-करंज्यांच्या ऑर्डरी घेतात आणि त्यांच्या घरची दिवाळी त्यातनंच निघते.

गावाला जाणाऱ्यांना एक सांगते. प्रवासाचा खर्च हा असा खर्च आहे की तो उशीर केल्यामुळेच वाढतो. रेल्वेचं रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे १४ सप्टेंबरच्या गणपतीसाठी जुलैच्या मध्यालाच तयार राहायचं, आणि तेव्हा तिकिटाचे पैसे हातात असायला हवेत. ते नसतात म्हणून लोक थांबतात आणि मग शेवटी खाजगी बसला मागेल ते देतात. २०१८ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे खाजगी बसवाल्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, पण सणात तो नियम कितपत पाळतात हे सगळ्यांना माहितेय, आरटीओकडे तक्रार करा, तिकिटाचा फोटो ठेवा. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट आहे. घरात दोन बायका आणि एक आजी असेल तर चौघांच्या प्रवासाचा हिशोब केवढा बदलतो बघा. आणि मूर्तीच्या उंचीवर कुणाची भक्ती ठरत नाही, फूटभर शाडूची मूर्ती आणि घरच्या माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, बांधलेली कांगले, हरणं, कवंडाळं अशी रानातली फळं-फुलं यांनी जेवढी शोभा येते तेवढी थर्माकोलच्या महालाने येत नव्हती, आणि एलईडीच्या पडद्यानेही येत नाही. भाऊ-भाऊ वेगळे झाले तरी गणपती एकत्र ठेवणारी, पाळीपाळीने खर्च उचलणारी घरं अजून आहेत. ज्यांच्याकडे ती पद्धत आहे त्यांनी ती मोडू नये, किरकोळ भांडणावरून वेगळा गणपती आणला की एका मखराची चार मखरं होतात.

आता मला ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त वाटतं ती लिहिते. जावयाचा मान. माझ्या टेबलावर आलेल्या कर्जांत मला सगळ्यात जास्त वाईट वाटायचं ते या कर्जाचं. मुलीच्या लग्नाचं कर्ज अजून चालू आहे, त्यातच पहिली दिवाळी आली, दिवाळसणाला जावयाला अंगठी, कपडे, विहीणबाईंना साडी, नणंदेला काहीतरी, आणि वडिलांच्या नोकरीची चारच वर्षं राहिलेली. सोनं तोळ्याला लाखाच्या पार गेलंय, अर्ध्या तोळ्याची अंगठी म्हणजे पन्नास हजारांच्या पुढची गोष्ट झाली. त्यात यंदा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचं जेवण, जावयाला अनारशांचं वाण, आणि वाण म्हटलं की त्याच्याबरोबर चांदीचं काहीतरी हवंच असं हल्ली ठरून गेलंय. अनारसे घरी करता येतात, तांदूळ आणि गूळ काही कुणाला कर्जात घालत नाही, तूपही त्यापुरतं परवडतं. कर्जात घालते ती त्याच्यासोबतची चांदी आणि मग व्हॉट्सअॅपवर गेलेला त्याचा फोटो, कारण तो फोटो दुसऱ्या विहिणीपर्यंत पोचतो.

इथे मुलीच्या बापाला 'खर्च कमी करा' असं सांगून काही होत नाही. तो बिचारा सांगू शकत नाही, त्याच्या मुलीला त्या घरात नांदायचंय. सांगायला हवं ते जावयाने. लग्न झालेल्या सगळ्या मुलांना माझी हात जोडून विनंती आहे, १७ मेच्या आधी सासऱ्यांना एक फोन करा आणि स्वतः सांगा की बाबा आम्ही जेवायला येतो, आईंच्या हातचं धोंड्याचं जेवण पाहिजे, बाकी काही घेतलंत तर मी घेणार नाही. आणि ते आपल्या आईसमोर बोला, म्हणजे घरात नंतर कुणी सुनेला टोमणा मारणार नाही. एवढ्या एका फोनने एखाद्या घराचं वर्षभराचं कर्ज वाचतं. सासवांनीही हे बोलावं. मी माझ्या मुलाच्या सासरी हे बोलले आणि तिकडच्या विहीणबाई फोनवर काही वेळ गप्पच झाल्या आणि मग म्हणाल्या, तुम्ही बोललात म्हणून, नाहीतर आम्ही गळ्यातलं गहाण ठेवणार होतो. भाऊबीजेच्या ओवाळणीचंही बहीण-भावांनी मोकळेपणाने ठरवून घ्यावं, एकाने हजार घातले म्हणून दुसऱ्याने घालायचे यात दोघांचीही ओढाताण होते.

आता हप्त्यांचं. दसऱ्यापासून तुमच्यासकट सगळ्या पेपरांत पानपानभर जाहिराती असतात, 'शून्य टक्के व्याज', 'नो कॉस्ट ईएमआय', 'आज घ्या, जानेवारीपासून भरा'. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, व्याज प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर दुसरीकडे कुठेतरी लपवलेलं असतं. कसं ते बघा. चोवीस हजारांचा फोन, बारा हप्ते दोन-दोन हजारांचे. बँक पंधरा टक्क्यांनी व्याज धरत असेल तर त्या हप्त्यांत साधारण अठराशे चाळीस रुपये व्याज असतं, तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी सुरुवातीला देते म्हणून तो आकडा आपल्याला दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तीनशे तीस रुपये, आपल्यालाच भरायला लागतात, वर प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रोखीने घेतला असता तर जे हजार-पंधराशे दुकानदाराने सोडले असते ते गेले. पाचशे-सहाशे रुपयांचा प्रश्न नाही हो, प्रश्न हा की एक फोन, एक टीव्ही, एक मिक्सर असे तीन हप्ते लागले की पुढची दिवाळी येईपर्यंत पगारातले पाच-सहा हजार आधीच गेलेले असतात आणि मग सणासाठी बाजूला काढायला उरतच नाही.

क्रेडिट कार्डावर तर याहून वाईट. दिवाळीत तीस हजारांची खरेदी केली आणि बिल आल्यावर 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, पंधराशे भरले की माणसाला वाटतं भरलं. ढोबळ हिशोब सांगते, महिना साडेतीन टक्क्यांनी तीस हजारांवर व्याज एक हजार पन्नास, त्याच्यावर जीएसटी एकशे एकोणनव्वद, झाले बाराशे एकोणचाळीस. म्हणजे पंधराशे भरून मुद्दल कमी झालं दोनशे एकसष्ट रुपये. आणि बाकी ठेवली की पुढची प्रत्येक खरेदी, अगदी किराण्याचीसुद्धा, पहिल्या दिवसापासून व्याजात जाते, ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांची सवलत उरत नाही, हे कितीतरी शिकलेल्या लोकांना माहीत नसतं.

मोबाईलवरच्या अॅपचं कर्ज घेणाऱ्या तरुण मुलांना सांगते की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे कर्ज द्यायच्या आधी सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो हे लिहिलेलं पत्रक त्यांनी दाखवायलाच हवं, पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, आणि ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन कर्जातनं बाहेर पडायची सोय हवी. ते पत्रक नाही, कुठली बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी, पैसे देतेय ते नाव नाही, आणि अॅप तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो मागतंय, तर ते ताबडतोब काढून टाका. पाच हजारांच्या कर्जापायी नातेवाईकांना घाणेरडे फोन गेलेली मुलं मला माहितेयत.

आणि जिथे बँक पोचत नाही तिथे शेकडा पाच, शेकडा दहा महिन्याला असं व्याज चालतं. दहा हजार घेतले तर पहिलं व्याज कापून साडेनऊ हातात देतात, मग महिना पाचशे, वर्षाला सहा हजार आणि मुद्दल तसंच. शेकडा दहा असेल तर वर्षात मुद्दलापेक्षा जास्त व्याज भरून झालं. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमन कायदा आहे, परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, आणि परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ आणि तारण नसेल तर १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शेतकऱ्यासाठी ९ आणि १२. वर्षाला, महिन्याला नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. लोक घाबरतात कारण सावकार गल्लीतलाच असतो, ते मला कळतं, पण चार-पाच घरांनी मिळून अर्ज दिला तर हिंमत येते.

माझी बहीण लातूरकडे दिलीय, तिच्याकडचं वेगळंच. तिकडे सोयाबीन निघतं ऑक्टोबरच्या आसपास, दिवाळी डोक्यावर, पोरांना कपडे हवेत, मजुरांचे द्यायचेत, म्हणून निघालं की लगेच बाजारात न्यायचं. सगळ्यांनी एकदम नेलं की भाव पडतो, ओलावा आहे म्हणून आणखी कापतात. सणासाठी घाई झाली म्हणून वर्षाचं पीक हमीभावाच्या खाली जातं, हेही सणाचंच कर्ज आहे, फक्त त्याची पावती नसते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते, भाव सुधारला की विकायचं. सगळ्याच बाजार समित्या ती राबवत नाहीत, पण तुमच्या ग्रामीण आवृत्तीत सप्टेंबरमध्ये, कुठली समिती राबवतेय आणि कुणाला भेटायचं, याची माहिती जिल्हावार छापली तर शेतकऱ्याला त्याचा खरा उपयोग होईल.

आणखी दोन-तीन गोष्टी पटापट. ज्यांच्या घरी धुणी-भांडी-पोळ्या करायला बाई येते त्यांनी तिचा दिवाळी बोनस धनत्रयोदशीला नाही, दसऱ्यालाच द्यावा, म्हणजे तिला मधल्या पंधरा-वीस दिवसांसाठी शेकड्याने उचलायला लागणार नाही, आपल्याला द्यायचेच आहेत, थोडे आधी दिले म्हणून काय बिघडतं. हेच छोट्या कारखानदारांना आणि दुकानदारांना सांगणं आहे. कोकणी कामगार जास्त असतील तर बोनसमधले थोडे गणपतीच्या आधी उचल म्हणून द्यावेत, बिनव्याजी, आणि दिवाळीला वळते करून घ्यावेत. मंडळांनी वर्गणी मागताना आकडा स्वतः लिहून पावती फाडू नये. सार्वजनिक उत्सवासाठी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि वर्गणी ही देणाऱ्याच्या मर्जीची असते, जबरदस्ती झाली तर पोलिसांत तक्रार करता येते. एका बिल्डिंगकडे तीन-तीन मंडळं येतात, भाड्याने राहणाऱ्याने कुणाकुणाला द्यायचं.

ज्यांच्यावर गेल्या दिवाळीचं कर्ज अजून आहे त्यांनी मनाला लावून घेऊ नये. सगळ्यात महाग व्याजाचं आधी फेडा, म्हणजे आधी शेकडेवाला आणि अॅप, मग कार्ड, मग बाकीचं. कार्डाची बाकी मोठी असेल तर पतपेढीचं दहा-बारा टक्क्यांचं कर्ज काढून ती एकदम संपवणं परवडतं, फक्त त्यानंतर कार्ड कपाटात गेलं पाहिजे. आणि यंदाचा गणपती दीड दिवसाचा करायचा घरात विचार असेल तर घरच्या मोठ्यांशी आणि भटजींशी आत्ताच बोला, श्रावणात हा विषय काढला की रडारड होते.

आता तुमच्याकडे माझं मागणं. जाहिराती छापू नका असं मी म्हणत नाही, पेपर त्याच्यावर चालतो हे मला कळतं. पण तुमच्या गणपती आणि दिवाळीच्या खरेदी पुरवणीत एक चौकट कायमची ठेवा. हप्त्याने घेतलं तर एकूण किती पडतं याचं एक सोडवलेलं उदाहरण, जिल्हा उपनिबंधकांच्या ऑफिसचा पत्ता, बँक-एनबीएफसी आणि अॅपच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे दोन नंबर, ठळक अक्षरात, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही वाचता येतील. पहिली चौकट १७ मेच्या आधी आली तर बरं, अधिक महिन्याची खरेदी तेव्हाच सुरू होते. उदाहरणं सोडवून द्यायला मी तयार आहे, पतपेढीतले आमचे दोन जुने सहकारीही तयार आहेत, आम्हाला त्याचे पैसे नकोत.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)